रेणुकाला लागलेली चव

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी सिस्टरनं खुशालला नळीचं काम तीनदा करून दाखवलं आणि चौथ्यांदा त्याच्याकडून करून घेतलं. नळी रेणुकाच्या उजव्या नाकपुडीतून आत जाऊन पोटापर्यंत पोचलेली होती. नाकावर चिकटपट्टी होती आणि नाकपुडीशी नळीवर काळ्या शाईची खूण. खूण हललेली दिसली तर काही घालायचं नाही. आधी रिकाम्या पिचकारीनं थोडं मागं ओढून पाहायचं. पोटातलं पाणी आलं म्हणजे नळी जागेवर आहे. मग पिचकारीचा दट्ट्या काढून ठेवायचा, नुसतं नळकांडं उंच धरायचं आणि त्यात गाळलेलं अन्न ओतायचं. ते आपोआप उतरतं. ढकलायचं नाही. शेवटी अर्धी वाटी पाणी. डोकं उंच ठेवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

"समझे ना काका?" सिस्टर म्हणाली. "जल्दी नहीं करना."

खुशालला घाईची सवय नव्हतीच. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या बेल्यात बसस्टँडच्या अलीकडं त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपांच्या मोटारी जळाल्या की त्यांची तार काढून नवी भरायची. एकेक वेढा मोजत हे काम तो तीस वर्षं करत होता. दवाखान्याच्या कागदावर त्यानं पिचकारीचं चित्र काढून घेतलं आणि शेजारी वेळा लिहिल्या. सहा, नऊ, एक, चार, सात.

ऑक्टोबरच्या शेवटी रेणुकाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. सकाळी नळावर भांडी घासता घासता ती एका बाजूला कलंडली. आदिलाबादला एकोणीस दिवस काढून ती घरी आली तेव्हा डावा हात आणि डावा पाय जड होता, बोलणं जरा चिकटत होतं, पण समज पूर्ण होती. अडचण गिळण्याची होती. पाण्याचा घोट घेतला की तो श्वासाच्या नळीत जायचा. म्हणून डॉक्टरनं तोंडानं काही द्यायचं नाही असं बजावलं होतं, थेंबभरही नाही. मुलगा हर्षदीप हैदराबादहून आला, दहा दिवस राहिला आणि नोकरीवर परत गेला. पुढचं सगळं खुशालनं अंगावर घेतलं.

त्यानं खाट मधल्या खोलीत आणली. तिथून पुढचं दार दिसायचं आणि मागचंही. मागच्या दाराबाहेर कुंपण आणि कुंपणापलीकडं मोतीरामचा भाजीचा मळा. दर दोन तासांनी तो रेणुकाची कूस बदलायचा. पाठीला पावडर लावायचा. ओल्या कापडानं जीभ आणि हिरड्या पुसायचा. शेजारच्या गयाबाई सकाळी येऊन रेणुकाची वेणी घालून द्यायच्या, अंग पुसून द्यायच्या आणि ते दोन तास खुशाल दुकान उघडायचा. बाराला परत. स्वतःपुरती भाकर-भाजी करून साडेबाराला जेवायचं, एकला रेणुकाला नळीनं द्यायचं, ती झोपली की पुन्हा तासभर दुकान. तो स्वयंपाकघराचं दार लावून जेवत असे. ज्या माणसाला महिनाभर काही चाखता आलेलं नाही त्याच्यापुढं फोडणीचा वास येऊ नये, असं त्याला वाटे.

नोव्हेंबर संपता संपता एका दुपारी नळकांड्यातलं मुगाचं पाणी अर्धं उतरलं होतं. रेणुका म्हणाली, "आज मेथी टाकली का वरनात?"

"नाई. नुसते मूग हायेत."

"मेथी हाय," ती म्हणाली. "लसूण बी. लसूण लाल केलेला."

खुशालनं पातेलं हुंगून पाहिलं. शिजलेल्या मुगाचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही. शिवाय ते अन्न जिभेला लागतच नव्हतं. नाकातून सरळ पोटात जात होतं.

त्यानं डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदूला मार बसला की वास आणि चव इकडचे तिकडे होतात, काही दिवसांनी जातं. खुशालला ते पटलं. तारेचा एक वेढा दुसऱ्याला टेकला की मोटार भलतीकडंच तापते, हे त्याला रोजचं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी त्यानं तपासून पाहिलं. मुगाच्या पाण्यात चमचाभर मीठ टाकलं आणि तिला सांगितलं नाही. तिला काहीच कळलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी गूळ टाकला. तेव्हाही काही नाही. म्हणजे तो जे घालत होता त्याच्याशी चवीचा संबंध नव्हता.

आठवडाभरानं पुन्हा लागली. या वेळी ती गोंधळली. बराच वेळ उजव्या बाजूनं जबडा हलवत राहिली.

"मऊ हाय," ती म्हणाली. "चिंचेत शिजवलेलं. मिरची लय. मदात काड्यावानी काईतरी लागते, ते जिभेनं काढा लागते." मग थोड्या वेळानं, "वास नदीच्या पाण्यासारका."

रेणुकाचं माहेर महानुभाव पंथाचं. मासळी तिनं जन्मात तोंडात घातलेली नव्हती. खुशालनं लग्नाआधी खाल्ली होती. त्यानं ओळखलं, पण तिला सांगितलं नाही. तिला ओकारी आली असती, आणि नळी असताना ओकारी वाईट, असं सिस्टरनं सांगितलं होतं.

"चांगलं लागलं का?" त्यानं विचारलं.

"लागलं," ती म्हणाली, आणि जरा लाजली. "पोटभर जेवल्यासारकं वाटून राह्यलं."

दोन दिवसांनी पैनगंगेकाठच्या गावाहून एक गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं. उशीर का झाला ते त्यानं आपणहून सांगितलं. त्यांच्याकडचा नदीत मासे धरणारा एक म्हातारा भोई खाटेवरच गेला होता, काल पहाटे. मातीला जावं लागलं. खुशालनं मोटारीचं झाकण उघडलं आणि आतली काळी पडलेली तार पाहिली. त्या वेळी त्याच्या मनात दुसरं काही आलं नाही.

डिसेंबरात थंडी वाढली. सकाळी कुंपणावर दव गोठल्यासारखं पांढरं दिसायचं. रेणुकाच्या डाव्या पायाला थोडं बळ आलं. तिला आता चवीची वाट पाहायची सवय लागली होती. एकच्या सुमाराला ती स्वतःच उशी नीट करायला सांगायची. चव रोज येत नसे. नाही आली तर नळकांडं रिकामं झालं की ती तोंड फिरवायची. आली की तिचा चेहरा उजव्या बाजूनं उघडल्यासारखा व्हायचा. खुशालला ते पाहायला बरं वाटे. कशामुळं होतं हे माहीत नसलं तरी, दिवसातून तेवढंच एक तिच्या वाट्याला येत होतं.

एका सोमवारी ती म्हणाली, "पुलिहोरा. चिंचेचा भात, देवळातला नाई, घरचा. शेंगदाने करपून गेले."

मंगळवारी सकाळी समोरच्या गल्लीतले नरसय्या गेले. वीज खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झालेले, खुशालचे जुने ओळखीचे. खुशाल त्यांच्याकडं पोचला तेव्हा ओसरीवर माणसं बसली होती आणि आत बायका तेलुगूत रडत होत्या. नरसय्यांचा मुलगा अमर त्याच्याजवळ येऊन बसला. तो हिंदीत सांगत होता. कल दोपहर को अच्छे थे. आपणहून पुलिहोरा करायला सांगितला. सुनेच्या हातून शेंगदाणे करपले तर हसून म्हणाले, असू दे, काळे शेंगदाणेही खायचे असतात. रात को कुछ नहीं खाए. बोले, पेट भरा है.

खुशालनं मान हलवली.  मग घरी येऊन त्यानं हात धुतले आणि नऊचं दूध गाळायला घेतलं. 

रेणुकानं विचारलं, "कोन गेलं?"

"नरसय्या."

"अरे राम," ती म्हणाली. "कायनं?"

"वय झालं होतं."

करपलेल्या शेंगदाण्यांबद्दल तो काही बोलला नाही.

त्यानंतर नऊ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी, शुक्रवारी, नळकांड्यात नाचणीची पेज होती. रेणुकानं डोळे मिटले.

"भरीत," ती म्हणाली. "वांगं पऱ्हाटीच्या जाळावर भाजलं. वरून कच्चं तेल. लसनाची पात." ती सावकाश चावत होती. "भाकर कडक हाय. आन् मुळा. मुळ्याले माती हाय थोडी, धुतला नाई बरोबर."

खुशालच्या हातात नळकांडं होतं. मागचं दार उघडं होतं. कुंपणापलीकडून पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या धुराचा वास येत होता.

त्यानं पेज पूर्ण उतरू दिली. पाणी घातलं, नळीचं टोक बंद केलं, उशी नीट केली. मग गयाबाईंना बसायला बोलावून तो कुंपणाच्या फटीतून पलीकडं गेला.

मोतीराम विहिरीजवळ उकिडवा बसून हात धूत होता. सत्तरीचा, काटक, एकटा माणूस. बायको वारल्यावर तो मळ्यातल्या खोपटीतच राहत असे आणि खाटेवरच्या रेणुकासाठी म्हणून रोज सकाळी कुंपणावर काहीतरी ठेवून जाई, ती खाऊ शकत नाही हे माहीत असून. जाळावर अजून धग होती. बाजूला वांग्याची काळी सालं पडली होती आणि मुळ्याचा पाला.

"ये खुशाल," तो म्हणाला. "कसं हाय रेणुकाचं?"

"बरं हाय. तुमचं कसं हाय, दादा?"

"मले काय धाड भरली?"

"छातीत गितीत दुखते का? चक्कर?"

मोतीराम त्याच्याकडं पाहत राहिला. "काऊन इचारून राह्यला?"

खुशालनं सांगितलं की सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांची तपासणी चालू आहे, चला, गाडीवर नेतो आणि आणतो. हे खोटं होतं. मोतीराम हसला, पण आला. दवाखान्यातल्या सिस्टरनं रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, छातीला यंत्र लावलं. सगळं चांगलं होतं. "आप से तो ये अच्छे हैं," ती खुशालला म्हणाली.

परत येताना खुशालनं विचार केला. त्याला एकच गोष्ट सुचत होती. ते भरीत आणि तो मुळा शेवटचा ठरू द्यायचा नाही. मोतीरामनं आज आणखी काही खाल्लं की झालं. बसस्टँडवर त्यानं गाडी थांबवली, दोन केळी घेतली, चहा सांगितला. मोतीराम चहा नको म्हणाला. पोट भरलेलं आहे. केळी नको म्हणाला. खुशालनं फारच धरलं तेव्हा त्यानं एक केळ घेऊन सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "खातो मंग," म्हणाला.

सातचं नळीचं काम उरकून खुशाल ताटात वरणभात घेऊन खोपटीत गेला. मोतीराम पांघरूण घेऊन बसला होता.

"घ्या दादा. गरम हाय."

"ठेव. इच्छाच नाई पाह्य आज. सकाळी खातो."

"दोन घास खा. माझ्यासमोर खा."

"पागल झाला का तू?" मोतीराम रागावला नव्हता. "माणसाले भूक नसते का एखाद्या दिवशी? जा, ती एकटी हाय तिकडं."

 कोणाच्या तोंडात घास कोंबता येत नाही. रेणुकाला नळी होती. याला नव्हती. ताट झाकून ठेवून तो परत आला.

सकाळी साडेसहाला मळ्यातली मोटार सुरू झाली. ती मोटार त्यानंच भरलेली होती, तिचा आवाज त्याला पाठ होता. मोतीराम वीस मिनिटांत एका वाफ्याचं पाणी दुसरीकडं वळवायचा. पाऊण तास झाला तरी पाणी वळल्याचा आवाज आला नाही. खुशालनं रेणुकाच्या नळीची खूण पाहिली, ती जागेवर होती. मग तो गेला. मुळ्याचे वाफे भरून पाणी वाटेवर आलं होतं. मोतीराम विहिरीच्या काठाशी बांधावर बसला होता, पाठ कडुलिंबाला टेकून, फावडं मांडीवर. खुशालनं आधी स्टार्टर बंद केला. मग जवळ जाऊन मनगट धरलं.

सदऱ्याच्या खिशात केळ तसंच होतं. खोपटीतल्या ताटावरचं झाकण हललेलं नव्हतं.

रेणुकाला हे त्यानं सांगितलं नाही. फक्त मोतीराम गेला एवढं सांगितलं. ती रडली. डाव्या डोळ्यातून पाणी जास्त येत होतं, त्या बाजूची पापणी मिटत नव्हती म्हणून. पण गयाबाई रोज वेणी घालायला यायच्या आणि वेणी घालताना बोलायच्या. दोन दिवसांनी खुशाल दुकानातून आला तेव्हा गयाबाई निघत होत्या.

"मी रेणुकाले सांगून राह्यली होती," त्या म्हणाल्या, "का बिचाऱ्यानं मरायच्या आदल्या दिवशी सोताच्या हातानं वांगं भाजून खाल्लं. तुमीच तं ताट नेलं होतं ना, खुशालभाऊ? त्याले हातबी नाई लावला म्हने."

आत रेणुका छताकडं पाहत होती. त्यानं तिची कूस बदलली. 

त्या दिवसापासून तिनं चवीचं नाव काढलं नाही. एकच्या वेळेला उशी नीट करायला सांगणंही बंद झालं. खुशाल नळकांडं धरून तिच्या चेहऱ्याकडं पाहत असे. ती डोळे मिटून पडून असायची, ओठ घट्ट. त्याला वाटलं, गेलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. आठ दिवसांनी तो पुन्हा पोटभर जेवायला लागला.

एक नवीनच गोष्ट मात्र सुरू झाली. शेवटचं पाणी घालून झालं की ती विचारायची, "तुमी काय जेवले आज?"

पहिल्या दिवशी त्यानं टाळलं. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं सांगितलं, अंबाडीची भाजी आणि भाकर. ती "हं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी, पिठलं. तिसऱ्या दिवशी, तुरीच्या दाण्यांची आमटी. त्याला वाटलं, उपाशी माणसाची ही जेवणाची हौस आहे, ऐकून भागवते. मग तो जरा रंगवून सांगायला लागला. फोडणी कशी दिली, मिरची किती घातली. ती सगळं ऐकून घेई आणि शेवटी "हं" म्हणे, आणि मग तिची मान उशीवर सैल पडे.

जानेवारी लागला. तेलुगू शाळेत दुपारचं जेवण शिजवणारी भाग्यलक्ष्मी नावाची बाई गेली. चाळिशीचीच होती. दुकानाशेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, काल पोरांना अंडी वाढली, उरलेलं एक स्वतः खाल्लं, पाहता पाहता आज सकाळी गेली.

खुशाल घरी आला. गयाबाई गेल्यावर तो खाटेजवळच्या स्टुलावर बसला.

"काल तुले काई लागलं होतं का?" त्यानं विचारलं. "चव?"

रेणुकानं उजव्या हातानं पांघरूण वर ओढलं.

"अंडं," ती म्हणाली. "सांबार-भात आन् अंडं. खाल्लं नाई कदी, वासानं वळखलं."

"मले सांगतलं नाई."

"सांगून काय केलं असतं? मोतीरामदादाले वाचवलं का तुमी?"

खुशालनं नळीची खूण पाहिली.

"बंद झालंच नाई म्हंजे."

"नाई." ती थांबली. "मदात तीन येऊन गेले. कोनाचे होते मालूम नाई. एकाचं नुसतं दूध-पोळी होतं. मी तोंड दाबून ठेवते, पन चव थोडीच थांबते."

"वाईट लागते का?"

तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. "चांगलं लागते," ती म्हणाली. "हेच तं."

खुशालनं तिचा उजवा हात धरला. बाहेर मळ्यात कोणी नव्हतं. मोतीरामचा भाचा अजून आला नव्हता आणि मुळे वाळून चालले होते. ती आपलं जेवण रोज कशासाठी विचारून घेते, कोणत्या चवीशी ताडून पाहते, हे आता त्याला कळलं होतं.  दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा त्यानं रंगवून सांगितलं नाही. जे खाल्लं होतं तेवढंच, नीट, क्रमानं सांगितलं. ती "हं" म्हणाली.

मग दोघांचंही ते काम झालं. एकला नळी, शेवटी पाणी, तिचा प्रश्न, त्याचं उत्तर. जेवताना तो आता प्रत्येक पदार्थ लक्षात ठेवायचा. उत्तर देताना तो तिच्या तोंडाकडं पाहायचा आणि "हं" येईपर्यंत स्टुलावरून उठायचा नाही.

सोमवारी तो तिला आदिलाबादला घेऊन गेला. डॉक्टरनं तिला चमच्यानं घट्ट दही दिलं आणि गळ्यावर बोटं ठेवून गिळायला सांगितलं. तिनं गिळलं. खोकला आला नाही. दुसरा चमचाही गेला. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी या, नळी काढून टाकू. आता तोंडानं जेवायचं.

"दही कसं लागलं?" परतीच्या गाडीत खुशालनं विचारलं.

"आंबट," ती म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी ती हसली.

नळी निघाली की संपेल, असं दोघांनाही वाटत होतं.  मंगळवारी तिचा प्रश्न झाला, त्याचं उत्तर झालं, तिचं "हं" झालं.

बुधवारी खुशाल सकाळपासून धावपळीत होता. उद्याची गाडी ठरवायची होती, दवाखान्याचे कागद शोधायचे होते, हर्षदीपचा फोन दोनदा आला. बाराला येऊन त्यानं वालाच्या शेंगा चिरल्या, एका बाजूला भाकर टाकली. साडेबाराला दार लावून घाईघाईनं जेवला. ताट धुतलं.

एकला त्यानं नळीची खूण पाहिली. जागेवर होती. मागं ओढून पाहिलं. पाणी आलं. दट्ट्या काढला आणि नळकांडं उंच धरून मुगाचं पाणी ओतलं.

"आज शेवटचा दिस," तो म्हणाला. "उद्या तुले खिचडी करतो."

रेणुकाचे डोळे मिटलेले होते. ओठ घट्ट होते.

पाणी उतरत गेलं. अर्ध्यावर आलं.

मग तिचे ओठ सुटले. जबडा उजव्या बाजूनं हलू लागला, सावकाश.

खुशाल पाहत राहिला. नळकांडं रिकामं झालं. त्यानं शेवटचं पाणी घातलं. तेही उतरलं. नळीचं टोक त्यानं बंद केलं आणि स्टुलावर बसून तिच्या प्रश्नाची वाट पाहिली.

तिनं डोळे उघडले. त्याच्याकडं पाहिलं.

बाहेर रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली. 

"आज इचारलं नाई तू," तो म्हणाला.

तिनं उजवा हात पुढं करून त्याचं मनगट धरलं. तिची बोटं गार होती.

"दुकान नका उघडू आज," ती म्हणाली. "इथंच बसा."

"बसतो."

 तिनं अंगठ्यानं त्याच्या मनगटावर हळू घासलं, काही लागलं असेल तर पुसावं तसं.

"शेंगाईत मीठ टाकाचं इसरले तुमी," ती म्हणाली.